किनाऱ्यावर रडणारें पिलूं

जून महिन्यांतील एखाद्या सकाळीं ओहोटीचें पाणी मागें सरतें आणि उत्तर समुद्राच्या कांठीं ओल्या वाळूचें विस्तीर्ण मैदान उघडें पडतें. त्या वाळूवर करड्या रंगाचें एक पिलूं एकटेंच पडलेलें असतें. त्याचे डोळे मोठे, काळेभोर आणि पाणावलेले दिसतात. तें सारखें ओरडत असतें. आणि तो आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्याशीं इतका मिळताजुळता असतो कीं, वाटेनें जाणाऱ्या माणसाचें पाऊल आपोआप थांबतें. हें पिलूं सील नांवाच्या समुद्रवासी सस्तन प्राण्याचें होय. जर्मन लोक अशा पिलाला ‘हॉयलर’ म्हणजे ‘रडणारें’ म्हणतात. डच भाषेंतील शब्दहि त्याच अर्थाचा आहे. त्याला उचलून न्यावें कीं तेथेंच राहूं द्यावें? प्रश्न दिसावयास साधा आहे. पण त्याचें उत्तर चुकलें तर पिलूं आईला कायमचें मुकतें, किंवा प्राणाला तरी मुकतें.

हें दृश्य जेथें नित्य दिसतें तो वाडन समुद्र नेदरलंड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांच्या किनाऱ्यालगत सुमारें ५०० किलोमीटर पसरलेला आहे. तो उथळ असून दिवसांतून दोनदां त्याचा तळ उघडा पडतो, व त्या वाळूच्या बेटांवर सील विसांव्यासाठीं येतात. एके काळीं मनुष्य हा त्यांचा वैरी होता. मासेमारीचा प्रतिस्पर्धी म्हणून आणि कातड्यासाठीं त्यांची बेसुमार शिकार झाली. नेदरलंड्समध्यें ती १९६२ सालीं बंद झाली; तरीहि संख्या वाढेना. कारखान्यांतील विषारी द्रव्यें ऱ्हाईन नदीवाटे समुद्रांत येत होतीं व माशांच्या द्वारें सीलांच्या शरीरांत सांचत होतीं. १९८६ सालीं पीटर राइंडर्स या डच शास्त्रज्ञानें आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वाडन समुद्रांतील मासे खाणाऱ्या माद्यांना, स्वच्छ पाण्यांतील मासे खाणाऱ्या माद्यांपेक्षां फारच कमी पिलें झालीं होतीं.

पिलाच्या रडण्याचा अर्थ समजण्यास त्याचें बालपण समजून घेतलें पाहिजे. येथील सामान्य सीलाचें पिलूं उन्हाळ्याच्या आरंभीं जन्मतें. जन्मतः त्याचें वजन सुमारें दहा किलो असतें व पुढच्याच भरतीला तें आईमागें पोहूं लागतें. आईच्या दुधांत निम्म्याच्या आसपास चरबी असते. त्यामुळें तीन-चार आठवड्यांत पिलाचें वजन दुपटीहून अधिक होतें. मग आई त्याला सोडून जाते, व तें अंगावरील चरबीच्या आधारानें मासे धरण्यास शिकतें. याच समुद्रांत करडा सील ही दुसरी जात आहे. तिचीं पिलें हिंवाळ्यांत, शुभ्र लोकरीसारख्या केसांनिशीं जन्मतात. पहिले कांहीं आठवडे तीं कोरड्या जागींच राहतात, आणि मोठें वादळ झालें कीं लाटा त्यांना वाहून नेतात.

दूध पाजण्याच्या या दिवसांतहि आई भक्ष्यासाठीं कांहीं काळ दूर जाते. पिलूं वाळूवर एकटें राहतें आणि तिला हांका मारतें. म्हणजे रडणें हें नेहमींच अनाथपणाचें लक्षण नव्हे. पुष्कळदां तो आई व मूल यांना जोडणारा धागा असतो. पाणावलेल्या डोळ्यांचीहि तीच गोष्ट. सीलाच्या डोळ्यांतून नाकाकडे जाणारी अश्रुनलिका नसल्यामुळें पाणी गालांवर ओघळतें. डोळ्यांभोंवतीं ओलें वर्तुळ दिसणें हें शरीरांत पुरेसें पाणी असल्याची खूण आहे. उलट ज्याचे डोळे कोरडे दिसतात तेंच पिलूं संकटांत असण्याचा संभव अधिक. दयाळू माणसाचा डोळा येथें नेमका फसतो.

आई कधीं कधीं खरोखरच परत येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. वादळानें ताटातूट होते, आई आजारी पडते किंवा जाळ्यांत सांपडते. आणि अनेकदां माणसेंच कारणीभूत होतात. पिलाभोंवतीं गर्दी जमली, कोणी कुत्रें मोकळें सोडलें, कीं पाण्यांत डोकें वर काढून पाहणारी आई किनाऱ्यास येण्याचें धाडस करीत नाहीं. म्हणून पहिला नियम असा कीं, शक्य तितकें दूर उभें राहावें, कुत्र्याला बांधावें आणि अधिकृत रक्षकास कळवावें. पिलाला पाण्यांत ढकलूं नये, त्याच्यावर पाणी ओतूं नये, त्याला कांहीं खाऊं घालूं नये. स्पर्शहि करूं नये. कारण सीलाच्या चाव्यानें माणसाचें बोट सुजतें व त्या दुखण्यावर योग्य औषध न मिळाल्यास सांधाहि निकामी होतो.

रक्षकानें पाहून ठरविल्यावरच पिलाला रुग्णालयांत नेतात. तेथें पहिल्या दिवशीं त्याला मासा देत नाहींत, कीं दूधहि देत नाहींत. उपाशी पिलाच्या जठराला चरबी पेलत नाहीं, आणि सीलाच्या दुधांत शर्करा जवळजवळ नसल्यामुळें गाईचें दूध त्याला बाधतें. म्हणून क्षारयुक्त पाणी नळीनें पोटांत सोडतात. मग माशांची पातळ पेज देतात, आणि कांहीं दिवसांनीं आख्खा हेरिंग मासा. तो डोक्याकडून तोंडांत द्यावा लागतो, नाहीं तर त्याचे पर घशांत अडकतात. आरंभीं पिलांना इतरांपासून वेगळें ठेवतात, पुढें मोठ्या हौदांत सोडतात. तेथें मासे पाण्यांत टाकले जातात व प्रत्येकानें आपला घांस झगडून मिळवावयाचा असतो. शुश्रूषा करणारीं माणसें त्याच्याशीं बोलत नाहींत, त्याला कुरवाळीत नाहींत. ही निष्ठुरता नव्हे. माणसाला भिणारा सीलच समुद्रांत सुरक्षित राहतो.

शरद ऋतूनंतर निराळे रोगी येतात. हीं पिलें कांहीं महिन्यांचीं असतात व माशांबरोबर पोटांत गेलेले जंत त्यांच्या फुप्फुसांत शिरलेले असतात. तीं खोकतात, पोहतां-पोहतां थकतात व शेवटीं वाळूवर निश्चेष्ट पडतात. औषधानें सारे जंत एकदम मेले तर त्यांनींच श्वासमार्ग बुजतो. यास्तव उपचार फार जपून करावा लागतो. पिलूं धष्टपुष्ट झालें, फुप्फुसें स्वच्छ झालीं आणि तें स्वतः मासे खाऊं लागलें, कीं मागील पायाच्या पडद्याला क्रमांकाचा बिल्ला लावून त्याला किनाऱ्यावर आणतात. पेटीचें दार उघडतें. कांहीं पिलें थेट लाटेंत शिरतात, कांहीं क्षणभर थबकतात. पण मागें वळण्याचें कारण उरलेलें नसतें.

या कार्याची विशेष प्रसिद्धि झाली ती नेदरलंड्समधील पीटरब्यूरेन या खेड्यामुळें. लेनी त हार्ट या बाईंनीं १९७१ सालीं तेथें घराच्या आवारांतच सीलांची शुश्रूषा सुरू केली, आणि त्यांतून मोठी संस्था उभी राहिली. जर्मनींतील फ्रीड्रिख्सकोग येथील केंद्र १९८५ सालचें. मग १९८८ सालीं डेन्मार्कच्या आनहोल्ट बेटापासून एक भयंकर साथ पसरली. कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या विषाणूसारखा एक नवा विषाणु तिच्या मुळाशीं होता. उत्तर युरोपांत सुमारें १८,००० सील मेले. २००२ सालीं तीच साथ त्याच बेटापासून पुन्हा सुरू झाली व तिनें २०,००० हून अधिक बळी घेतले. तरीहि शिकारबंदी, १९९० सालचा तिन्ही देशांचा करार आणि पाण्यांतील विषाचें घटलेलें प्रमाण यांमुळें संख्या सावरली. १९८९ सालीं वाडन समुद्रांत पांच हजारांहून कमी सील मोजले गेले होते. २०१२ पर्यंत ते पंचवीस हजारांवर गेले.

येथेंच नवा वाद उभा राहिला. जात धोक्यांत होती तेव्हां प्रत्येक पिलूं मोलाचें होतें. आतां दुर्बलांना वांचवून निसर्गाच्या निवडींत ढवळाढवळ होते काय? रुग्णालयांतील रोग रानांतल्या कळपांत शिरेल काय? आणि आई असलेलीं किती पिलें उगाच उचललीं गेलीं? डेन्मार्कमध्यें पिलांना उचलून वाढवीत नाहींत. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतांत प्रशिक्षित रक्षक निर्णय करतात. त्यांच्या पदाचें नांव अद्याप ‘सील-शिकारी’ असेंच आहे, मात्र काम रक्षणाचें. नेदरलंड्समध्यें २०२० सालीं संस्था व सरकार यांच्यांत करार होऊन, एकट्या पिलाला उचलण्यापूर्वी त्याच्यावर चोवीस तासांपर्यंत दुरून नजर ठेवण्याचा दंडक आला. समुद्र एक, प्राणी एक. पण करुणेच्या रीती तीन.

दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. जाळें, नौका, विष आणि गर्दी हीं संकटें निसर्गानें पाठविलेलीं नाहींत. माणसानें केलेली जखम माणसानें बांधावी हें न्यायाचें आहे. परंतु जातीचें रक्षण रुग्णालयापेक्षां स्वच्छ पाण्यानें व निवांत वाळूनेंच अधिक झालें, हें मोजणीचे आंकडे सांगतात. वाळूवर रडणाऱ्या त्या पिलासाठीं धांवून जाणें सोपें असतें. दूर उभें राहून, इतरांनाहि दूर ठेवून, भरतीबरोबर परतणाऱ्या आईसाठीं वाट मोकळी ठेवणें अवघड असतें. पुष्कळदां त्या पिलाला हवी असते ती हीच अवघड दया.