साठ सेकंदांची समता
एका परदेशी जाहिरातीच्या पडद्यामागची हकीकत

घरात टी.व्ही. लागला की मोठ्यांचे लक्ष मालिकेकडे असते आणि लहानांचे जाहिरातींकडे. मालिकेतल्या पात्रांची नावे मुलांना सांगता येत नाहीत, पण जाहिरातीतले गाणे ती सुरावर म्हणून दाखवतात. आता तर हातातल्या मोबाईलवरही जाहिरात पाठ सोडत नाही. हिरवेगार डोंगर, परदेशातले स्वच्छ रस्ते, हसरे चेहरे. सारे कसे आनंदात! हा अर्ध्या-एका मिनिटाचा आनंद तयार कसा होतो, त्यामागे कोण राबते, किती पैसा ओतला जातो आणि त्या चित्रात खरे किती असते, हे आपल्या मुलाबाळांना सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही या पानावर जगभर गाजलेल्या एका जाहिरातीची हकीकत देत आहोत. कंपनी अमेरिकेची आणि चित्रीकरण झाले इटलीत. या गोष्टीला पन्नासहून अधिक वर्षे झाली, पण तिच्यातून घ्यायचा धडा आजचाच आहे.

काय होते त्या जाहिरातीत?

साल १९७१. जाहिरात कोकाकोला या शीतपेयाची. पडद्यावर हिरवी टेकडी दिसते. प्रथम एका तरुणीचा चेहरा येतो आणि गाणे सुरू होते. मग तिच्या शेजारी दुसरा चेहरा, तिसरा चेहरा. गोरे, काळे, सावळे. युरोपातले, आफ्रिकेतले, आशियातले. काहींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख. प्रत्येकाच्या हातात कोकाकोलाची बाटली आणि बाटल्यांवरचे नाव निरनिराळ्या भाषांत. शेवटी कॅमेरा उंच आकाशात जातो आणि टेकडीवर रांगांनी उभे राहिलेले शेकडो तरुण-तरुणी एका सुरात गाताना दिसतात. सारा खेळ साठ सेकंदांचा.

तेव्हा व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे युद्ध चालू होते. अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या संघर्षाच्या जखमा ओल्या होत्या. अशा दिवसांत सर्व वर्णांची तरुण मुले खांद्याला खांदा लावून गात आहेत, हे दृश्य लोकांच्या काळजाला भिडले.

आपल्याकडे ही जाहिरात तेव्हा कोण पाहणार? मुंबई दूरदर्शन केंद्रच मुळी २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. कोकाकोला मात्र त्या काळी आपल्या देशात विकला जात होता. १९७७ साली ही कंपनी भारतातून गेली आणि १९९३ साली पुन्हा आली.

आधी घर, मग बाटली

या जाहिरातीचा जन्म धुक्यात झाला. बिल बॅकर हे गृहस्थ मॅककॅन-एरिक्सन या जाहिरात संस्थेत कोकाकोलाचे काम पाहत. जानेवारी १९७१ मध्ये नवी गाणी तयार करण्यासाठी ते विमानाने लंडनला निघाले. लंडनवर दाट धुके पडल्यामुळे विमान आयर्लंडमधील शॅनन येथे उतरवावे लागले. मुक्कामाची धड सोय नाही, म्हणून उतारू संतापले. दुसऱ्या दिवशी बॅकर पाहतात तो त्यांपैकीच काही मंडळी विमानतळाच्या उपाहारगृहात कोकाकोलाच्या बाटल्या घेऊन हसत-बोलत बसलेली! साऱ्या जगाला हे पेय पाजण्याची कल्पना त्यांनी तेथेच एका कागदी रुमालावर टिपून ठेवली.

लंडनमध्ये त्यांचे सहकारी बिली डेव्हिस त्यांची वाट पाहत होते. डेव्हिस हे डेट्रॉइट शहरातले कृष्णवर्णीय गीतकार आणि संगीताचे चांगले जाणकार. बॅकर यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, डेव्हिस यांना ही कल्पना फारशी पसंत पडली नाही. जगातल्या प्रत्येक माणसासाठी काही करता आले असते, तर आपण त्याला थंड पेय दिले नसते, आधी राहायला घर दिले असते, असे त्यांचे म्हणणे होते. बॅकर यांनी ते मानले. म्हणूनच त्या गाण्यात घर आधी येते आणि बाटली नंतर येते. भाड्याच्या खोलीत, चाळीत किंवा झोपडपट्टीत ज्यांनी दिवस काढले, त्यांना डेव्हिस यांचे म्हणणे समजावून सांगण्याची गरज नाही.

रॉजर कुक आणि रॉजर ग्रीनअवे हे दोन इंग्रज गीतकारही या कामात होते. 'न्यू सीकर्स' या गायकमंडळाने गाणे गायिले. १२ फेब्रुवारी १९७१ रोजी ते अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांकडे पाठवले गेले आणि साफ आपटले. या धंद्यात मुख्य कंपनी अर्क पुरवते. तो बाटल्यांत भरून विकणारे कारखानदार वेगळे असतात. रेडिओवरच्या जाहिरातीला पैसा मोजायचा तो या मंडळींनी, आणि त्यांनाच गाणे आवडले नाही. एवढ्यावर प्रकरण संपायचे. पण बॅकर हटले नाहीत. गाण्याला चित्राची जोड द्यावी, असा त्यांनी आग्रह धरला. चित्रांची बाजू सांभाळणारे हार्वी गॅबर यांनी देशोदेशींच्या तरुणांचा मेळा टेकडीवर उभा करण्याची कल्पना मांडली. कंपनीने एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली.

पावसाने केलेली दैना

पहिला बेत इंग्लंडच्या किनाऱ्यावरील डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवर चित्रीकरण करण्याचा होता. तेथे तीन दिवस पाऊस कोसळला. सामान बांधून सगळा लवाजमा इटलीत, रोमला हलवण्यात आला. ऊन मिळेल, हिरवी टेकडी मिळेल, अशी आशा होती. रोमजवळ हजाराहून अधिक मुले गोळा केली. पण पावसाने तेथेही पाठ सोडली नाही. दिवसामागून दिवस वाया गेले. अखेर उघडीप मिळाली तेव्हा घाईघाईने चित्रीकरण उरकले.

तो फिल्मचा जमाना होता. आजच्यासारखे लगेच पाहता येत नसे. फिल्म प्रयोगशाळेत धुऊन आली की मग कळणार काय हाती लागले ते. धुऊन आलेली फिल्म पाहिली तर ती वापरण्याजोगी नव्हती. मंजूर झालेला पैसा मात्र संपला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परदेशातल्या चित्रीकरणात घड्याळाचा काटा फिरतो तो पैशावर. विमानभाडे, मुक्काम, कॅमेरे, कामगार, जमवलेली माणसे, या साऱ्यांचा खर्च पाऊस पडला म्हणून थांबत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाचा खाडा झाला की त्याची मजुरी बुडते. बड्या कंपनीचा खाडा झाला की ती पुन्हा थैली सोडते. तसेच झाले. दुसऱ्या प्रयत्नाला परवानगी मिळाली. इटलीतली दुसरी चित्रपट संस्था नेमली गेली. या वेळी रोममधल्या वकिलाती आणि शाळांतून सुमारे पाचशे तरुण-तरुणी जमवण्यात आले. मांझियाना गावाजवळच्या टेकडीवर त्यांना उभे केले आणि हेलिकॉप्टरमधून वरचे दृश्य टिपले गेले. सारा खर्च मिळून अडीच लाख डॉलरवर गेला. एका जाहिरातीवर एवढा पैसा त्या काळी क्वचितच कोणी घातला होता.

चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा

आता पडद्यावर दिसते ते आणि घडले ते ताडून पाहू.

टेकडीवरची मुले गाताना दिसतात. प्रत्यक्षात आवाज 'न्यू सीकर्स'चा आहे. मुलांनी गाण्याबरोबर फक्त ओठ हलवायचे होते. ते ओठ गाण्याशी नीट जुळेनात. म्हणून मुख्य चेहऱ्यांची जवळून घेतलेली दृश्ये टेकडीवर घेतलीच नाहीत, ती रोममधल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर वेगळी घेतली आणि मागाहून जोडली. पाहणाऱ्याला वाटते, सारे एकाच टेकडीवर उभे आहेत.

सुरुवातीला दिसणारी तरुणी कोणी नामांकित नटी नव्हती. रोममध्ये एका कुटुंबातली मुले सांभाळण्याची नोकरी करणारी ती इंग्रज मुलगी. शहरातल्या एका चौकात बाबागाडी ढकलत चालली असताना ती चित्रीकरणवाल्यांच्या नजरेस पडली.

आणखी एक गंमत. जवळून दिसणाऱ्या तरुणांपैकी काहींनी कोकाकोला त्याआधी कधी चाखलाच नव्हता! त्यामुळे बाटली तोंडाला लावायची, घोट घ्यायचा आणि लगेच आनंदाने गायचे, हे त्यांना जमेना. साऱ्या जगाचे आवडते पेय म्हणून जे दाखवायचे, त्याची चव दाखवणाऱ्यालाच ठाऊक नव्हती.

एवढे करून जाहिरात आधी युरोपात दाखवली, तेव्हा तिचे फारसे कौतुक झाले नाही. जुलै १९७१ मध्ये ती अमेरिकेत लागली आणि चमत्कार झाला. नोव्हेंबरपर्यंत कंपनीकडे आणि तिच्या कारखानदारांकडे एक लाखाहून अधिक पत्रे आली. लोक रेडिओ केंद्रांना फोन करून ते गाणे लावायला सांगू लागले. पेयाचे नाव वगळून गाण्याची तबकडी निघाली, तीही खपली. त्या गाण्याच्या मानधनातले ऐंशी हजार डॉलर संयुक्त राष्ट्रांच्या 'युनिसेफ' या बालकल्याण संस्थेला दिले गेले. हेही नोंदवले पाहिजे.

टेकडीच्या पलीकडे

पण आमच्या वाचकांनी याच कंपनीची आणखी दोन साले लक्षात ठेवावीत.

पहिले साल १९६८, म्हणजे जाहिरातीच्या तीन वर्षे आधी. अमेरिकेतील मेम्फिस शहरात सफाई कामगारांचा संप चालू होता. हे कामगार बहुतेक सारे कृष्णवर्णीय. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोघांचा जीव गेला, तेव्हा त्यांचा संयम संपला. 'मी माणूस आहे' असे फलक घेऊन ते रस्त्यावर उतरले. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ३ एप्रिल १९६८ रोजी तेथे केलेल्या भाषणात त्यांनी मेम्फिसमध्ये काही कंपन्यांचा माल विकत घेऊ नका, असे आवाहन केले. त्या नावांत कोकाकोलाचे नाव होते. नोकरभरतीत या कंपन्या न्यायाने वागत नाहीत, हे त्याचे कारण. ते डॉ. किंग यांचे अखेरचे भाषण ठरले. दुसऱ्याच दिवशी त्यांची हत्या झाली.

दुसरे साल १९९९. कंपनीचे मुख्यालय असलेल्या अटलांटा शहरात तिच्याच काही कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी न्यायालयात दावा लावला. पगारात, बढतीत आणि कामाच्या मूल्यमापनात वर्णामुळे आपल्याला डावलले जाते, अशी त्यांची तक्रार होती. नोव्हेंबर २००० मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने १९ कोटी २५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. वर्णभेदाच्या दाव्यात तोवर कोणत्याही कंपनीने एवढी मोठी रक्कम दिली नव्हती. कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी बाहेरच्या माणसांची समितीही नेमावी लागली.

पडद्यावरची समता अडीच लाख डॉलरमध्ये उभी राहिली. कचेरीतल्या विषमतेचा हिशेब चुकवायला १९ कोटी २५ लाख लागले!

याचा अर्थ ती एक लाख पत्रे लिहिणारी माणसे भोळी होती, असे आम्ही म्हणणार नाही. माणसामाणसांत भेद नसावा, ही त्यांची ओढ खरी होती. खरी होती म्हणूनच तिचा धंद्याला उपयोग झाला. टेकडीवर खांद्याला खांदा लावून उभे राहणे एका मिनिटाचे काम आहे. कामाच्या ठिकाणी, पगाराच्या कागदावर, बढतीच्या यादीत तसे उभे राहायला मात्र संप करावे लागतात, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मेम्फिसच्या सफाई कामगारांनी आणि अटलांटाच्या कर्मचाऱ्यांनी ते केले. त्यांच्यावर कोणी गाणे रचून साठ सेकंद दाखवले नाही.

आयाबहिणींना आणि वडीलधाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलांना जाहिरात पाहू नका म्हणून दटावू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांना प्रश्न विचारायला शिकवा. हा चेहरा कोणाचा आणि आवाज कोणाचा? हे ठिकाण कुठले आणि तिथेच का? याला पैसा कोणी दिला आणि तो कोणाकडून वसूल होणार? हसताना दिसणाऱ्या या माणसांना त्या कंपनीच्या दारात काय वागणूक मिळते? जे मूल आज टी.व्ही.समोर बसून असे प्रश्न विचारील, ते उद्या कारखान्यात आणि कचेरीतही विचारील.