चीनची नाडी कशी बघायची?

जगातली दोन नंबरची अर्थव्यवस्था धडधाकट आहे की आजारी? एक व्हिडिओ म्हणतो, चीन बुडाला. दुसरा म्हणतो, चीन सुसाट. गंमत म्हणजे दोघांच्याही हातात आकडे आहेत. मग ऐकायचं कुणाचं? त्यापेक्षा आकडेच वाचायला शिकू या की!

तुमचं वय किती? १६ ते २४ च्या मध्ये कुठंतरी असेल, तर सरकारी आकडेवारीत तुमच्यासाठी एक वेगळा रकाना आहे. त्याचं नाव युवा बेरोजगारी. चीनमध्ये जून २०२३ मध्ये या रकान्यात आकडा आला २१.३ टक्के. म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे असे सगळे तरुण धरले, तर दर पाचातल्या एकाहून जास्त जणांच्या हाताला काम नाही. त्याच उन्हाळ्यात १ कोटी १५ लाखांहून जास्त मुलंमुली पदवी घेऊन बाहेर पडत होती. त्यामुळं पुढच्या महिन्यात काय आकडा येतो, याकडं सगळे डोळे लावून बसले होते.

आकडा आलाच नाही. १५ ऑगस्ट २०२३ ला चीनच्या राष्ट्रीय सांख्यिकी विभागानं सांगून टाकलं, की हा आकडा आता काही काळ देणार नाही, मोजायची पद्धत सुधारायची आहे.

जानेवारी २०२४ मध्ये तो परत आला. डिसेंबरसाठी १४.९ टक्के. सहा महिन्यांत एवढ्या नोकऱ्या लागल्या? तसं नाही. नव्या पद्धतीत अजून शिकत असलेली मुलं मोजणीतून वगळली होती. आता, कॉलेज सांभाळून पार्टटाइम काम शोधणारा आणि पदवी घेऊन घरी बसलेला यांना एकाच टोपलीत टाकू नये, हे म्हणणं चूक नाही. पण जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून ‘बेरोजगारी घटली’ असं कुणी म्हणालं, तर ते मात्र साफ चूक. आणि नव्या पद्धतीनंही ऑगस्ट २०२५ मध्ये आकडा १८.९ टक्क्यांवर गेलाच.

ही गोष्ट आधी सांगितली कारण चीनचे आकडे वाचायची सगळी किल्ली तिच्यात आहे. आकडा किती, हे बघायचंच. पण त्यात कोण मोजलं, कोण वगळलं आणि तो यायचा कधी बंद झाला, हेही बघायचं. बंद पडलेला आकडाही आपल्याला काहीतरी सांगत असतो.

जीडीपी : हेडलाइनचा हिरो

सगळ्यात जास्त गाजतो तो जीडीपी. वर्षभरात देशात तयार झालेल्या सगळ्या वस्तू आणि सेवांची किंमत. आपल्याकडं तिमाहीचा जीडीपी यायला साधारण दोन महिने लागतात. १४० कोटींचा चीन तेच काम जेमतेम अडीच आठवड्यांत उरकतो! शिवाय तिथं वर्षाच्या सुरुवातीलाच सरकार उद्दिष्ट जाहीर करतं. २०२३ ला उद्दिष्ट होतं ‘सुमारे ५ टक्के’, निकाल आला ५.२. २०२४ ला पुन्हा ‘सुमारे ५’, निकाल ५.०. पेपर फुटल्यासारखं वाटतं ना?

पण दरवेळी असं होत नाही, हेही लक्षात ठेवा. २०२२ ला उद्दिष्ट ५.५ च्या आसपास होतं आणि लॉकडाउनच्या त्या वर्षात वाढ झाली ३ टक्के. ती त्यांनीच जाहीर केली. म्हणजे ‘चीनचे सगळे आकडे खोटे’ म्हणून हात झटकणंही आळशीपणाचंच.

मोठ्या पदावरच्या माणसाची ट्रिक

ली केकियांग हे नाव ऐकलंय? २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं ते चीनचे पंतप्रधान होते. त्याआधी ते ल्याओनिंग प्रांतात पक्षाचे प्रमुख होते. २००७ मध्ये अमेरिकेच्या राजदूताबरोबर जेवताना त्यांनी सांगितलं, की जीडीपीचे आकडे माणसांनी बनवलेले असतात, मी तीनच गोष्टी बघतो : वीज किती वापरली, रेल्वेनं माल किती वाहिला आणि बँकांनी कर्ज किती दिलं. हे बोलणं विकिलिक्समुळं २०१० मध्ये बाहेर आलं. मग ‘द इकॉनॉमिस्ट’नं या तिघांना एकत्र करून चक्क ‘केकियांग इंडेक्स’ तयार केला.

ट्रिकमागचं डोकं साधं आहे. कारखाना चालला की मीटर फिरणार, माल निघाला की वॅगन भरणार, धंदा वाढवायचा असेल तर मालक बँकेत जाणार. एक आकडा फुगवता येईल, पण तिन्ही एकाच मापानं फुगवणं अवघड. पुढं २०१७ मध्ये त्याच ल्याओनिंगच्या गव्हर्नरनी जाहीर कबुली दिली, की २०११ ते २०१४ या काळात प्रांतातले महसुलाचे आकडे फुगवले होते.

पण ही ट्रिकही आता जुनी होत चालली आहे. २०१५ मध्ये चीनमधला विजेचा वापर जेमतेम अर्धा टक्का वाढला, रेल्वेची मालवाहतूक दहा टक्क्यांहून जास्त घटली आणि जीडीपी मात्र ६.९ टक्के! काहींना यात लबाडी दिसली. काहींनी दाखवून दिलं, की पोलाद-सिमेंट मंदावलं होतं आणि सेवा क्षेत्र वाढत होतं. मोबाइल ॲप चालवायला पोलादाच्या भट्टीएवढी वीज लागत नाही. २०२४ ला नेमकं उलटं झालं. वीज वाढली ६.८ टक्के आणि जीडीपी ५.०. इलेक्ट्रिक गाड्या, एसी, डेटा सेंटर यांनाही वीज लागतेच ना! मीटर खरं बोलतो, पण वीज कुठं खर्च झाली ते सांगत नाही.

कर्जाचा आकडा मात्र अजून बोलका आहे. जुलै २०२५ मध्ये चीनमध्ये नव्या कर्जांचा आकडा शून्याच्या खाली गेला. महिन्याभरात जेवढी कर्जं दिली, त्यापेक्षा जास्त फिटली. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. कर्ज फेडणं चांगलंच, पण अख्खा देश नवं कर्ज घ्यायला कचरतो, तेव्हा लोकांना उद्याची खात्री वाटत नाही, असा त्याचा अर्थ निघतो.

५० च्या वर की खाली?

आता पीएमआय. कंपन्यांसाठी माल खरेदी करणाऱ्या मॅनेजरना दर महिन्याला प्रश्न जातात : ऑर्डरी, उत्पादन, कामगार मागच्या महिन्यापेक्षा वाढले, घटले की तेवढेच? उत्तरांची बेरीज ५० च्या वर गेली तर वाढ, खाली गेली तर घट. महिना संपता संपता हाती येतो, म्हणून सगळे याच्यावर टपलेले असतात.

पण यात एक खाच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कोविडनं चीन बंद पडला आणि सरकारी पीएमआय ३५.७ वर कोसळला. मार्चमध्ये तो थेट ५२! सगळं पूर्वपदावर आलं? अजिबात नाही. मार्च महिना फेब्रुवारीपेक्षा बरा होता, एवढंच. पडलेला माणूस उठून बसला, याचा अर्थ तो पळायला लागला असा नाही.

टक्क्यांचा खेळ

असाच खेळ वार्षिक टक्केवारीत होतो. एप्रिल २०२३ मध्ये चीनमधली किरकोळ विक्री आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा १८.४ टक्क्यांनी वाढली. भारीच की! आता वही घ्या. एप्रिल २०२२ मध्ये शांघायला कडक लॉकडाउन होता आणि विक्री ११.१ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे २०२१ ला १०० धरले, तर २०२२ ला ८८.९. त्यावर १८.४ टक्के वाढ म्हणजे सुमारे १०५. दोन वर्षांत मिळून वाढ पाचेक टक्के. १८ चे ५ झाले! म्हणून वाढ दिसली, की ती कशाच्या तुलनेत आहे ते आधी बघायचं.

चिनी नववर्षाचाही असाच घोळ होतो. ते कधी जानेवारीत येतं, कधी फेब्रुवारीत. आठवडाभर कारखाने बंद असतात. त्यामुळं या दोन महिन्यांचे बरेच आकडे एकत्रच दिले जातात. कुणी फक्त फेब्रुवारीवरून निष्कर्ष काढत असेल, तर सावध व्हा.

स्वस्ताईची भीती

आपण महागाईला वैतागलेले लोक. चीनची डोकेदुखी उलटी आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत तिथं ग्राहकांसाठीची महागाई फक्त ०.२ टक्के होती. कारखान्यातून निघणाऱ्या मालाचे भाव तर ऑक्टोबर २०२२ पासून सलग तीन वर्षं आदल्या वर्षापेक्षा खालीच होते. मस्तच की, असं वाटेल. पण भाव उतरणारच आहेत म्हटल्यावर लोक खरेदी पुढं ढकलतात, कंपन्यांचा नफा आटतो, मग पगार थांबतात आणि नवी भरती बंद होते. मे २०२५ मध्ये बीवायडीनं वीसहून जास्त मॉडेलच्या किमती उतरवल्या आणि गाड्यांच्या बाजारात भावयुद्ध पेटलं. शेवटी सरकारलाच ही जीवघेणी स्पर्धा आवरा म्हणून सांगावं लागलं.

याच्या मुळाशी आहे घर. चिनी कुटुंबांची बरीचशी पुंजी फ्लॅटमध्ये अडकलेली आहे. २०२० मध्ये सरकारनं बिल्डरांच्या कर्जाला लगाम घातला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये एव्हरग्रांड ही बडी कंपनी थकबाकीदार ठरली, जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या कोर्टानं ती मोडीत काढायचा आदेश दिला. मधल्या काळात, २०२२ मध्ये, अर्धवट बांधलेल्या इमारतींत पैसे अडकलेल्यांनी हप्ते भरणंच थांबवलं. घराची किंमत उतरली की माणूस स्वतःला गरीब समजतो आणि हात आखडतो. म्हणून ७० शहरांतल्या घरांच्या किमतींचा मासिक तक्ता बघायला विसरू नका.

चीन जे लपवू शकत नाही

काही आकडे चीनच्या हातातच नाहीत. चीननं विकलेला माल दुसऱ्या कुणीतरी विकत घेतलेला असतो, आणि त्या देशाचं कस्टम त्याची नोंद करतं. आपल्याच वाणिज्य मंत्रालयाची आकडेवारी उघडा. २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून ११३ अब्ज डॉलरहून जास्त माल घेतला आणि विकला जेमतेम १४ अब्जांचा. आकाशातून दिसणारंही लपत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये नासाच्या उपग्रह-नकाशांवर चीनवरची प्रदूषित हवा विरळ झालेली जगानं पाहिली.

गोव्यातल्या मित्रमैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद चीनमध्ये बनतं. २००० नंतर तिथली मागणी उसळली, तेव्हा डिचोली-सांग्याच्या खाणींतलं हलक्या प्रतीचं लोहखनिजही ट्रकांनी आणि बार्जेसनी बाहेर जाऊ लागलं. २०१२ मध्ये ते थांबलं, पण त्याचं कारण आपल्याकडचं बेकायदा खाणकामाचं प्रकरण होतं. आधीची तेजी मात्र चीनच्या भुकेचीच होती.

आता वारा उलटा आहे. घरात खप नाही, कारखाने मात्र चालू. मग माल बाहेर जाणार. २०२४ मध्ये चीनची निर्यात आयातीपेक्षा सुमारे ९९० अब्ज डॉलरनी जास्त होती. हा आकडा ताकदीचा आहे की घरातल्या अशक्तपणाचा? दोन्हीचा. स्वस्त पोलादाची आयात रोखायला भारतानं एप्रिल २०२५ मध्ये १२ टक्के तात्पुरतं शुल्क लावलं, ते याच लाटेपुढं घातलेलं बांध आहे. चीनची तब्येत आपल्या नोकऱ्यांपर्यंत पोचते, ती अशी.

आकडा दिसला की हे विचारा

• कुणी मोजला? सरकारनं, खासगी संस्थेनं की समोरच्या देशानं?
• कशाच्या तुलनेत? मागच्या महिन्याच्या की मागच्या वर्षाच्या? आणि ते वर्ष कसं होतं?
• कोण वगळलं? मोजायची पद्धत मध्येच बदलली का?
• शेजारचे आकडे काय म्हणतात? जीडीपी वर, पण कर्ज आणि किमती खाली असं तर नाही?
• हा आकडा अजून दर महिन्याला येतो का?

शेवटचा प्रश्न फक्त चीनसाठी नाही. आपल्याकडंही २०१७-१८ चा रोजगाराचा अहवाल अडकून मे २०१९ अखेर बाहेर आला. त्याच वर्षाचा ग्राहक खर्चाचा सर्व्हे तर दर्जाचं कारण देऊन बाजूलाच ठेवला गेला. आता एप्रिल २०२५ पासून रोजगाराचे आकडे दर महिन्याला मिळतात, आणि त्यातही तरुणांचा वेगळा रकाना आहे.

आठवड्यात एक तास काम केलं तरी या मोजणीत माणूस ‘रोजगारात’ धरतात. चीनमध्येही आणि इथंही. आणि ज्यानं कंटाळून काम शोधणंच सोडलं, तो बेरोजगारांत धरलाच जात नाही. आईवडिलांची सेवा करून त्यांच्याकडूनच महिन्याला पैसे घेणाऱ्या तरुणांना चीनमध्ये ‘फुल-टाइम मुलं’ म्हणतात. ती कुठल्या रकान्यात बसवायची? तुमच्या ओळखीत, पदवी होऊन दोन वर्षं परीक्षांचा अभ्यास करत घरी असलेलं कुणीतरी असेलच. पुढचा आकडा येईल तेव्हा तो किंवा ती त्यात आहे का, एवढं नक्की शोधा.