आई-बाबांना कळतं कुठून?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली. त्यावर आपल्याकडे चॅनेलांवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुरेसं बोलून झालं आहे. पालकांचा सूर बहुतेक ‘इथेही करा एकदाचं’ असाच. या चर्चेत एक गोष्ट मात्र मागे राहिली. तिथल्या कायद्यात आई-बापांच्या परवानगीला जागाच नाही. त्यांनी हो म्हटलं तरी खातं उघडत नाही. आपण नेमकं उलट केलं आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा पूर्ण होईपर्यंत मूल हे मूलच, आणि त्याची माहिती घ्यायची तर कंपनीने पालकांची पडताळलेली संमती घ्यायची. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. संमतीची अट त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होईल. तिकडच्या मुलांचं भांडण सरकारशी आहे. आपल्याकडे ते जेवणाच्या ताटावर होणार.

त्याच कायद्याचं नववं कलम कंपन्यांना मुलांचा माग काढायला आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई करतं. चुकलात तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. पालकांना अशी मनाई नाही, आणि ती असावी असं कुणी शहाणा माणूस म्हणणारही नाही. पाळतीची साधनं मात्र त्याच कंपन्या पालकांच्या हातात ठेवत आहेत. इन्स्टाग्रामची ‘टीन अकाउंट’ आपल्याकडे फेब्रुवारी २०२५मध्ये आली. मूल गेल्या सात दिवसांत कुणाकुणाशी मेसेजवर बोललं ते पालकांना दिसतं. काय बोललं ते दिसत नाही. गूगलचं फॅमिली लिंक आहे, ठरलेल्या वेळी फोनला कुलूप लावणारी ॲप आहेत, आणि घराघरात ‘लोकेशन ऑन ठेव’ आहेच.

मग एवढ्या धाकाने मुलं चिंताग्रस्त होतात का? ‘होतात’ म्हणणारे आणि ‘आमच्या वेळी मार खाऊनही काही झालं नाही’ म्हणणारे, दोघेही एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात.

ब्रायन बार्बर या अमेरिकी संशोधकाने १९९६मध्ये ही गाठ सोडवायचा चांगला प्रयत्न केला. एक नियंत्रण वागण्यावरचं: साडेआठच्या आत घरी ये, क्लास बुडवू नको, गाडी चालवायची नाही. दुसरं मनावरचं. ते मोजायला त्याने मुलांसाठी आठ विधानांची प्रश्नावली केली. ती वाचताना आपल्या दिवाणखान्यात कुणी टेप चालू ठेवला होता की काय असं वाटतं. माझ्या मनासारखं वागला नाहीस तर मी तुटक वागणार. तू दुखावलंस तर तू मनधरणी करेपर्यंत अबोला. निराश केलंस तर तुझ्याकडे बघणारही नाही. रागावताना तुझ्या जुन्या चुकांची उजळणी होणार. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा त्रासही तुझ्याच खात्यावर. ‘तुझ्यामुळे बाबांचं बीपी वाढलं’ हे वाक्य बार्बरला ठाऊक नसावं, पण त्याच्या यादीत ते चपखल बसतं.

संशोधनात चिंता आणि खिन्नतेशी नातं वारंवार सापडतं ते या दुसऱ्या प्रकाराचं. पहिल्या प्रकाराचा अभाव वेगळ्या वाटेने महाग पडतो: मारामाऱ्या, व्यसनं, शाळा बुडवणं. म्हणजे साडेआठची वेळ पाळायला लावणारी आई आणि पावणेनऊला घरी आलेल्या मुलाशी दोन दिवस न बोलणारी आई, या दोघींना ‘कडक’ या एकाच रकान्यात टाकणं चूक आहे.

‘हे पाश्चात्त्यांचं, आपल्या मुलांना सवय असते’ हा युक्तिवाद अगदीच फोल नाही. जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये भारतासह सहा देशांतल्या माय-लेकरांचा अभ्यास केला. जिथे मारणं सर्रास चालतं, तिथे मार आणि मुलांची चिंता यांचा संबंध सौम्य दिसला. सौम्य दिसला, नाहीसा झाला नाही. सवय झाली म्हणून चटका बसायचा राहत नाही.

पण या सगळ्या साहित्यातला माझा लाडका अभ्यास वेगळाच आहे, आणि या विषयावर बोलणाऱ्या बहुतेकांना तो माहीतही नसतो याची मला खंत वाटते. हॉकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या स्वीडनमधल्या संशोधकांनी तो २०००मध्ये प्रसिद्ध केला. तोवर मानसशास्त्रात एक गोष्ट जवळजवळ सिद्ध मानली जात होती: ज्या पालकांना मुलाचा ठावठिकाणा, मित्र, खर्च नीट माहीत असतो, त्यांची मुलं कमी भरकटतात. त्यातून सल्ला निघाला की लक्ष ठेवा. या दोघांनी एक साधा प्रश्न विचारला. पालकांना हे कळतं कुठून? मध्य स्वीडनमधल्या एका शहरातली चौदा वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे पालक यांना त्यांनी तीन वाटा वेगळ्या करून विचारल्या. पालकांनी नियम घालून, आधी परवानगी घ्यायला लावून कळतं का? मुलाला, त्याच्या मित्रांना विचारून कळतं का? की मूल आपणहून सांगतं म्हणून कळतं?

उत्तर तिसरं निघालं. ज्याला आधीच्या अभ्यासांनी ‘लक्ष ठेवणं’ म्हटलं होतं, ते बहुतांशी मुलाचं सांगणं होतं. श्रेय चौकीदाराला मिळत होतं आणि दार मूल स्वतःच उघडत होतं. आणखी एक बारकावा त्यात आहे. ‘मला जखडून ठेवलंय’ ही मुलाची भावना हिशेबातून वेगळी काढली, तर पालकांचे नियम चांगल्या वागण्याशीच जोडलेले दिसले. नियम जाचत नव्हते, जखडलेपण जाचत होतं. पुढे २०१०मध्ये त्याच गटाच्या एका अभ्यासाने साखळीतला पुढचा दुवा दाखवला: मुलाने काही सांगितल्यावर पालक फटकारू लागले, की त्याला जखडल्यासारखं वाटू लागतं आणि ते लपवू लागतं. लपवलं की पालक पाळत वाढवतात. मग ॲप येतं. इन्स्टाग्राम पालकांना संपर्कांची यादी देतं तेव्हा ते नेमकं काय विकतं, हे या अभ्यासानंतर मला जरा वेगळं दिसायला लागलं. मुलाने न सांगितलेल्या गोष्टीची ती पावती आहे.

आता थोडा ब्रेक लावतो, कारण अशा लेखांतून सगळा दोष आईवर जाऊन पडतो आणि आपल्याकडे तो तसाही पडतोच. ब्राइस मॅक्लाउड यांच्या गटाने २००७मध्ये ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले. मुलामुलांच्या चिंतेत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ४ टक्के भाग पालकांच्या वागण्याशी जोडता आला. मात्र त्यातही मुलाला स्वतःचं स्वतः करू देणं या एका गोष्टीचा वाटा १८ टक्क्यांपर्यंत गेला, हे विसरू नये.

शिवाय बाण उलटाही चालतो. सिडनीत जेनिफर हडसन आणि रॉन रॅपी यांनी २००१मध्ये मुलांना कोडी सोडवायला दिली, आणि आयांना सांगितलं की खरंच गरज पडली तरच मदत करा. चिंतेचा विकार असलेल्या मुलांच्या आया जास्त लुडबुड करत होत्या. सरळ निष्कर्ष निघाला असता: लुडबुडीने मूल बिघडलं. पण हडसन यांनी नंतर आयांना दुसऱ्यांच्या मुलांसोबत बसवलं. तेव्हा घाबरट मूल समोर आलं, की ते आपलं नसलं तरी, सगळ्याच आया जास्त हात घालू लागल्या. भेदरलेलं पोर पाहून हात पुढे जाणं हा काही गुन्हा नव्हे.

हात पुढे गेल्यावर काय होतं, यावर येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांचं काम आहे. त्यांच्या उपचारात मूल दवाखान्यात येतच नाही, फक्त पालक येतात. मुलाच्या भीतीसाठी घरात काय काय सोयी झाल्या आहेत याची आधी यादी होते: तोंडी परीक्षा टाळायला चिठ्ठी देणं, पाहुण्यांसमोर त्याच्या वतीने उत्तर देणं, दर तासाला फोन, रात्री शेजारी झोपणं. मग पालक मुलाला सांगतात, तुला भीती वाटते हे आम्हाला कळतं आणि तू ती सोसू शकतोस असं आम्हाला वाटतं. आणि एकेक सोय काढून घेतात. मुलाने अमुक करावं अशी अट नाही. बदलायचं ते आपलं वागणं. सात ते चौदा वयाच्या १२४ मुलांवरच्या चाचणीत हा उपचार, मुलावर थेट केलेल्या मान्यताप्राप्त मानसोपचाराइतकाच उपयोगी ठरला.

हे वाचताना मराठी वाचकाला ‘श्यामची आई’तली विहीर आठवल्याशिवाय राहणार नाही. श्याम पोहायला घाबरून लपतो, आई त्याला शोधून, मारत विहिरीकडे पिटाळते, आणि मग वळांना तेल लावते. टाळाटाळीला शरण न जाणं हा तिच्या वागण्यातला भाग लेबोविट्झ यांनाही मान्य व्हावा. मार मान्य होणार नाही. पण आपण त्या गोष्टीतून पिढ्यान्‌पिढ्या उचलला तो नेमका मार, आणि विहीर मात्र टाळली. आजचं मूल ओरडा खातं, पण बसने एकटं जात नाही, बँकेत स्वतःचा फॉर्म भरत नाही, कोणता विषय घ्यायचा हे तर त्याला विचारलंही जात नाही.

लातूरला, किंवा कुठल्याही नीट-जेईईच्या गावाला, ही तऱ्हा चोवीस तास दिसते. खोली घेऊन आई मुलासोबत राहते, डबा करते, अभ्यासिकेच्या वेळा सांभाळते. अशा आईच्या त्यागाबद्दल मी चकार वाईट शब्द काढणार नाही. मात्र एनसीईआरटीने २०२२मध्ये पावणेचार लाखांवर विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगितले. ज्या गोष्टीची सर्वांत धास्ती, तिच्याबद्दलच घरी बोलायची मुभा सर्वांत कमी.

आणि तीही आता क्लासवाले काढून घेत आहेत. टेस्टचे मार्क, रँक, ‘आपला पाल्य आज गैरहजर’ हे सगळं आईच्या फोनवर मूल घरी पोचायच्या आधी येऊन पडलेलं असतं. नव्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि सुरक्षेपुरती पाळत ठेवायची सूट आहे, आणि क्लासही स्वतःला त्याच रांगेत उभं करतील, असा माझा अंदाज. गैरहजेरीचा मेसेज लगेच यावा, त्यात सुरक्षेचा प्रश्न आहे. पण मार्क? ‘आई, फिजिक्स गेला’ हे मुलाने दारात चप्पल काढता काढता स्वतः सांगायचं असतं, आणि मेसेजने ती संधीच खाल्लेली असते. क्लासवाल्यांनी निकालाचा मेसेज निदान एक दिवस उशिरा पाठवावा. त्याला ना कायदा लागतो, ना ॲप.