भिंतींनाच नव्हे, खिशालाही कान!
मराठीच्या प्राध्यापकाने रेडिओवर लिहावे, हे काही सज्जनांना रुचणार नाही. पण हल्ली गच्चीवरचा उष्णतामापक, दारावरचा पहारेकरी, मोटारीच्या चाकांतील हवा मोजणारे इवलेसे यंत्र, सारीच मंडळी बिनतारी बोलू लागली आहेत. ते ऐकायचे, तर कान हवा.

कोणता कान घ्यावा? संगणकावर दूरचित्रवाणी दाखवणारा स्वस्त डोंगल आलेल्या लहरी आकड्यांत मांडून देतो, हे २०१२ साली हौशी मंडळींनी जगजाहीर केले. त्या आकड्यांचा अर्थ लावणे हे संगणकाचे काम. हा ‘आरटीएल-एसडीआर’ सुमारे २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकतो. आपले संवेदक बहुधा ४३३.९२ वर किंवा ८६५ च्या पुढेमागे कुजबुजतात. तेवढ्याला तो पुरून उरतो. ६००० पर्यंत पोहोचणारा ‘हॅकआरएफ’ कितीतरी महाग. सुईच्या कामाला पहार कशाला? मात्र डोंगल तापला तरी सूर न सोडणारा ‘टीसीएक्सओ’ आणि धातूचे कवच पाहून घ्यावे. ४३३ साठी लहरीच्या पाव लांबीची, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटरची अँटेना पुरते.

‘आरटीएल ४३३’ ही फुकट मिळणारी प्रणाली चालू केली, की माझ्या टेबलावर आमच्या गच्चीचे तापमान उमटते; आणि शेजारच्या दाराची उघडझापही! कित्येक संवेदक असे उघड्यावरच बोलतात. तेव्हा वाचकहो, दारासाठी संवेदक घेताना त्याचे बोलणे सांकेतिक आहे ना, एवढे आधी विचारा. स्वस्त कान चोरालाही मिळतो.