लांबच्या विमानप्रवासांत जागा कोणती घ्यावी?

मुंबईहून विलायतेस जावयाचें म्हणजे एके काळीं आगबोटीवर दोन-तीन आठवडे काढणें आलें. त्या काळचे अनुभवी उतारू तिकिटाचा वर्ग ठरला म्हणून स्वस्थ बसत नसत. केबिन कोणत्या बाजूची मिळाली याची ते आधीं चौकशी करीत. तांबड्या समुद्रांतून बोट जाऊं लागली कीं उन्हाच्या बाजूची केबिन भट्टीसारखी तापे, आणि तेवढेंच भाडें देऊन पलीकडच्या सावलींत निजणाऱ्याचा हेवा करण्यावांचून गत्यंतर नसे. इंग्रजींतील 'पॉश' हा शब्द या सावलीच्या बाजूंच्या आद्याक्षरांपासून झाला, अशी एक मनोरंजक कथा प्रचलित आहे. शब्दकोशकारांना तिचा पुरावा सांपडलेला नाहीं. परंतु कथा कल्पित असली तरी तिच्यांतील व्यवहार खरा आहे. एकाच दामाच्या दोन जागा एकाच योग्यतेच्या असतातच असें नाहीं. आगबोटी मागें पडल्या, विमानें आलीं, तरी हा नियम बदललेला नाहीं.

आज आपल्यांतील बहुतेक कुटुंबांत एक तरी मुलगा किंवा मुलगी परदेशीं असते, आणि वृद्ध आईवडिलांना आयुष्यांत एकदां तरी तिकडे नेऊन आणावें अशी सर्वांचीच इच्छा असते. भावंडें मिळून पैसे जमवितात आणि त्यांच्या वयाकडे पाहून बिझिनेस क्लासचें तिकीट काढतात. साध्या वर्गाच्या कित्येक पटींनीं पैसे मोजल्यावर सुख हें आपोआपच मिळावयाचें, अशी आपली समजूत असते. ती किती भ्रामक आहे हें दाखविणारी माझ्याच घरची गोष्ट प्रथम सांगतों.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेंत असतो. त्याच्या घरीं पुत्रजन्म झाला तेव्हां आई-बाबांनीं तिकडे जावयाचें ठरलें. आईचें वय त्र्याहत्तर, गुडघे धरलेले. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जागा निवडण्याचें काम मीं मोठ्या हौसेनें अंगावर घेतलें. खिडकी मिळणें म्हणजे भाग्य, ही माझी लहानपणच्या एस. टी. प्रवासांतील समजूत! दोघांनाही खिडकी मिळावी म्हणून एकामागें एक अशा दोन खिडक्या मीं राखून ठेवल्या आणि आपल्या दक्षतेवर मीच खूष झालों.

त्या विमानांत आसनें दोन-दोन-दोन अशीं होतीं. रात्रीं दिवे मालवल्यावर आईच्या शेजारचे गृहस्थ आपलें आसन पलंगासारखें सपाट करून गाढ निजले. जाण्यायेण्याची वाट त्यांच्या पलीकडे. धरलेल्या गुडघ्यांनीं अंधारांत परक्या पुरुषाचे पाय ओलांडावयाचे, किंवा त्याला हांक मारून उठवावयाचें, यांपैकीं कोणतीच गोष्ट तिच्यानें होईना. तेव्हां तिच्या पिढीच्या बायका प्रवासांत जो उपाय करीत आल्या आहेत, तोच तिनें केला. तिनें पाणी पिणें बंद केलें. सबंध रात्र ती घसा कोरडा ठेवून पडून राहिली. पुढच्या विमानांतही तोच प्रकार झाला. नातवाला मांडीवर घ्यावयाला गेलेली आई पहिले तीन दिवस सुजलेले पाय उशीवर ठेवून निजून होती. मला हें भावजयीकडून कळलें. आईला विचारलें तेव्हां ती म्हणाली, "अरे, पलंग फार छान होता हो. त्यावरून उतरतां येत नव्हतें, एवढेंच."

यांत दोष विमान कंपनीचा नव्हता. आसनांचा नकाशा माझ्यासमोर होता. तो वाचण्याची विद्या माझ्यापाशीं नव्हती. परतीच्या प्रवासास दोन महिन्यांचा अवधि होता. तेवढ्यांत ती विद्या मीं खटपट करून मिळविली, आणि इतरांच्या उपयोगीं पडावी म्हणून येथें देत आहें.

खुर्चीचा पलंग झाला तेव्हां

बिझिनेस क्लास हा वर्ग १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. त्या वेळीं साध्या वर्गाहून जरा रुंद आणि जरा मागें कलणारी खुर्ची, एवढेंच त्याचें स्वरूप होतें. २००० सालीं ब्रिटिश एअरवेजनें या वर्गांत पूर्ण सपाट होणारा पलंग आणला आणि पुढें इतर कंपन्यांना त्याचें अनुकरण करणें भाग पडलें. परंतु या सोयीच्या पोटीं एक गैरसोय जन्मास आली. शेजारी खुर्चींत बसलेला असला तर त्याच्या गुडघ्यांपुढून कसेंबसें जातां येतें. तोच पाय लांब करून निजला म्हणजे त्याचे पाय ही एक भिंत होते. म्हणून नकाशा उघडल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं प्रत्येक आसनाला वाटेवर जाण्यास स्वतःचें दार आहे काय?

याचें उत्तर एका ओळींत किती आसनें आहेत यावरून मिळतें. एमिरेट्सच्या जुन्या मांडणीच्या बोइंग ७७७ विमानांत या वर्गाचीं आसनें दोन-तीन-दोन अशीं असतात. तेथें मधल्या आसनावरील उतारू दोन्हींकडून अडकतो. दोन-दोन-दोन या मांडणींत खिडकीजवळचा अडकतो. एक-दोन-एक या मांडणींत मात्र कोणीच अडकत नाहीं. एअर इंडियाचीं ए-३५० विमानें जानेवारी २०२४ पासून उडूं लागलीं. त्यांतील बिझिनेस क्लासचीं २८ आसनें अशाच पद्धतीचीं आहेत. कंपनीचें नांव पाहून निर्णय करूं नये. एकाच कंपनीच्या दोन विमानांत, किंबहुना एकाच जातीच्या दोन विमानांत, मांडणी निराळी असूं शकते. ज्या उतारूचें वय साठीच्या पुढें आहे, त्याच्यासाठीं एक-दोन-एक ही मांडणी पाहूनच विमान निवडावें, मग निघण्याची वेळ थोडी गैरसोयीची असली तरी चालेल.

पाय कोठें जातात?

दुसरा प्रश्न पायांचा. जागा वांचविण्यासाठीं हीं आसनें तिरपीं किंवा पुढेंमागें सरकवून मांडलेलीं असतात, आणि निजल्यावर पाय पुढच्या आसनाच्या बाजूला केलेल्या कोनाड्यांत जातात. हा कोनाडा कित्येक विमानांत इतका अरुंद असतो कीं कुशीवर वळतांना पावलें अडकतात. पहिल्या रांगेपुढें दुसरें आसन नसून आडवी भिंत असते. त्यामुळें तेथील कोनाडा पुष्कळदां मोठा असतो. उंच माणसाला आणि गुडघे दुमडून निजणाऱ्याला ही रांग मानवते.

परंतु पहिल्या रांगेचे दोषही ध्यानांत ठेवावे. तान्ह्या मुलांचे पाळणे बहुधा याच भिंतीला अडकवितात, आणि भिंतीपलीकडे पुष्कळदां मुदपाकखाना किंवा शौचकूप असतें. भांड्यांचा खडखडाट, पडदा सरकतांच डोळ्यांवर येणारा उजेड, आणि दाराची उघडझांक हीं रात्रभर चालूं राहतात. ज्यांची झोंप सावध आहे त्यांनीं भिंतीपासून तीन-चार रांगा दूर, दालनाच्या मध्यभागीं जागा घ्यावी. शौचकुपाजवळची जागा वृद्धांना सोयीची, असें आपणांस वाटतें. पण चार पावलें चालावें लागणें हें चालूं शकणाऱ्या वृद्धांच्या हिताचेंच असतें.

ज्यांना विमान हेलकावूं लागतांच मळमळतें त्यांनीं पंखांच्या जवळची जागा घ्यावी. तेथें हेलकावा कमी जाणवतो. उलट पुढच्या भागांत यंत्रांचा आवाज कमी असतो. दोन्हीं सुखें एके ठिकाणीं मिळणें कठीण. आपणांस कोणतें अधिक हवें तें आधीं ठरवावें.

खिडकी कीं मधली जोडी?

आपल्याकडे वृद्ध जोडपें प्रवासास निघालें म्हणजे त्यांना जवळ बसवावें हें सर्वांना वाटतें. तें योग्यच आहे. कारण एकाला ऐकूं कमी येतें, दुसऱ्याला पडद्यावरचीं अक्षरें वाचतां येत नाहींत, आणि दोघें मिळून एक उतारू पुरा होतो! अशांना एक-दोन-एक या मांडणींतील मधली जोडी द्यावी. दोघेंही एकमेकांशेजारीं, आणि दोघांनाही आपआपली वाट मोकळी.

तथापि सर्वच मधल्या जोड्या सारख्या नसतात. एमिरेट्सच्या ए-३८० विमानाच्या वरच्या मजल्यावर 'ई' व 'एफ' हीं अक्षरें असलेलीं आसनें एकमेकांस लागून आहेत. त्यांच्या पुढच्या-मागच्या रांगांत 'डी' व 'जी' हीं दोन्हीं बाजूंच्या वाटांकडे सरकलेलीं असून मध्यें अंतर आहे. जोडप्याला पहिलीं दोन योग्य, अपरिचितांना दुसरीं. तसेंच त्याच विमानांत 'ए' व 'के' हीं आसनें खऱ्या अर्थानें खिडकीला लागून आहेत, तर 'बी' व 'जे' यांच्या आणि खिडकीच्या मध्यें मेज असून आसन वाटेच्या कडेला येतें. एकटीनें प्रवास करणाऱ्या स्त्रीला खिडकीला लागलेलें आसन अधिक आडोशाचें वाटतें, कारण मेज मधल्या वाटेच्या बाजूला येतें.

कतार एअरवेजनें २०१७ सालीं 'क्यू-सुइट' नांवाचीं दारें असलेलीं दालनें सुरूं केलीं. त्यांतील मधल्या कांहीं जागांची मिळून दुहेरी शय्या होते. परंतु तेथील कांहीं आसनांचीं तोंडें विमानाच्या शेपटीकडे असतात. बहुतेकांना त्याचें कांहीं वाटत नाहीं. पण ज्यांना आगगाडींत उलट्या दिशेनें बसल्यावर घेरी येते, त्यांनीं नकाशांतील आसनाचें तोंड कोणीकडे आहे हें अवश्य पाहावें.

आगबोटीवरील उन्हाचा प्रश्न विमानांतही सुटलेला नाहीं. दिवसा मुंबईहून युरोपकडे जातांना विमान वायव्येस जातें आणि ऊन डाव्या खिडक्यांवर येतें. तेव्हां उजवी बाजू घ्यावी. बोइंग ७८७ विमानांत खिडकीला झांकण नसून बटन दाबून कांच काळवंडवितात, हें ठाऊक नसल्यामुळें नवखे उतारू झांकण शोधीत बसतात!

प्रकृतीचा विचार

आईच्या सुजलेल्या पायांची भीति अनाठायीं नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें चार तासांहून अधिक काळ एका जागीं बसून प्रवास केल्यास शिरेंत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारें दुप्पट होतो. निकोप माणसांत हें प्रमाण सहा हजारांत एक, म्हणजे घाबरून जाण्यासारखें नाहीं. आणि हा धोका मोटारींत व आगगाडींतही असतो. परंतु त्याचें मूळ हालचाल नसणें हें आहे, तिकिटाचा वर्ग नव्हे. महागड्या पलंगावर निश्चळ पडून राहणारा त्यांतून सुटत नाहीं. पाणी पिणें, मधून मधून उठून चार येरझारा घालणें, घोटे हालविणें, हाच उपाय. आणि उठण्यास मोकळीक नसलेलें आसन नेमका हाच उपाय बंद करतें. ज्यांना पूर्वीं असा विकार झाला आहे त्यांनीं निघण्यापूर्वीं वैद्यांचा सल्ला घ्यावा.

विमान कोणत्या जातीचें आहे यालाही महत्त्व आहे. सामान्य विमानांत आंतील हवेचा दाब आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका विरळ होऊं शकतो. बोइंग ७८७ व एअरबस ए-३५० यांत तो सहा हजार फुटांच्या बेताचा राखतात. महाबळेश्वराची उंची साडेचार हजार फुटांच्या आंतच आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे वृद्धांच्या दमास या फरकाची किंमत कळेल.

तिकीट काढतांना

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. कांहीं कंपन्या याच वर्गांतील उत्तम जागांस वेगळे पैसे आकारूं लागल्या आहेत. लुफ्तान्सानें २०२४ सालीं सुरूं केलेल्या 'अलेग्रिस' मांडणींत एकाच दालनांत आसनांचे अनेक प्रकार आहेत, कांहींची शय्या दोन मीटर वीस सेंटिमीटर लांब आहे, आणि निवडक जागांस जादा दाम पडतो. तिकिटाची किंमत विचारतांना आसनाचीही विचारावी. दुसरें असें कीं राखलेलें आसन म्हणजे सातबाराचा उतारा नव्हे. कंपनीनें विमान बदललें कीं नकाशा बदलतो आणि आपलें आसन भलतीकडे जातें. म्हणून निघण्यापूर्वीं आठवड्यानें एकदां आणि आदल्या दिवशीं पुन्हां एकदां नकाशा पाहावा. शक्य तों हें काम घरांतल्या तरुणांनीं करावें. म्हाताऱ्यांना विमानतळावर वाद घालतां येत नाहीं, ते मुकाट्यानें मिळेल तेथें जाऊन बसतात.

परतीच्या वेळीं मीं दोघांना एक-दोन-एक मांडणीच्या विमानांतली, मुदपाकखान्यापासून दूरची, मधली जोडी दिली. मुंबईस विमान उतरल्यावर मीं आईला पहिला प्रश्न केला तो पाणी प्यालीस कीं नाहीं हा. "प्यालें कीं. तीनदां उठलें. कोणाला कांहीं विचारावें लागलें नाहीं," ती म्हणाली, आणि सामानाची गाडी स्वतःच ढकलूं लागली. त्या तीन वेळां उठण्यासाठींच आम्हीं एवढे पैसे मोजले होते, असें आतां मला वाटतें.

बाबांची मात्र एक तक्रार राहिलीच. त्यांना खिडकी मिळाली नव्हती.