तिकीट, शीट आणि आपली नोंद

टपाल तिकिटे जमवणे हा सुखवस्तू माणसांचा छंद, असा समज आपल्या चळवळीत रुजलेला आहे. तो सोडून द्यावा. तिकीट हा शासनाचा दस्तऐवज आहे. शासनाने कोणाची दखल केव्हा घेतली, हे त्याच्या तारखेवरून कळते. जोतीराव फुले १८९० साली वारले. त्यांचे तिकीट निघाले १९७७ साली. सावित्रीबाईंना १९९८ पर्यंत, म्हणजे मृत्यूनंतर १०१ वर्षे, थांबावे लागले. बाबासाहेबांचे पहिले तिकीट १४ एप्रिल १९६६ चे. बुद्धजयंतीची दोन तिकिटे मात्र २४ मे १९५६ रोजीच निघाली होती, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जेमतेम पाच महिने आधी!

ही सारी सुटी तिकिटे. स्मारक शीट वेगळे. एक किंवा अनेक तिकिटे असलेला तो छोटा कागद असतो आणि त्याच्या रुंद कडेवर प्रसंगाचे नाव वा चित्र छापलेले असते. तिकीट कापून घेतले की ही कड जाते आणि शीटची ओळखही जाते. भारतात पहिले शीट १९७३ साली, दिल्लीच्या 'इंडिपेक्स' प्रदर्शनानिमित्त निघाले. त्यात चार तिकिटे होती, पण छिद्रे नव्हती. तेव्हा छिद्रे नाहीत म्हणून शीट बनावट, असा निवाडा घाईने देऊ नये.

खरा घोटाळा 'माय स्टॅम्प'मुळे होतो. २०११ पासूनच्या या योजनेत पैसे भरले की आपल्या पसंतीचे छायाचित्र शासकीय तिकिटाच्या शेजारी छापून मिळते. मूल्य तिकिटाला असते, शेजारच्या चित्राला नव्हे. जयंती समितीने असे शीट काढले, तर ते शासनाने काढले असे म्हणता येणार नाही. म्हणून ते टाकून द्यावे काय? मुळीच नाही. लोकांनी स्वतःच्या वर्गणीतून केलेली ती नोंद आहे. फक्त वहीत तिचे पान निराळे असावे. शासनाने काय केले आणि आपण काय केले, याची सरमिसळ होऊ नये.

धुळे-जळगावच्या शिक्षकांना हे काम सहज जमेल. बाबासाहेब १९३७ साली धुळ्याला आले होते, त्या आठवणीसाठी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला लोक जमतात. वही तेथे न्यावी. वृद्धांकडे जुनी पाकिटे असतील तर तिकीट सोडवून घेऊ नये. धुळे, भुसावळ, अमळनेरचा शिक्का आणि तारीख यांसह अख्खे पाकीट ठेवावे.