रंगाआधीचे पोलाद : वसईच्या खाऱ्या हवेतील एक आवश्यक प्रक्रिया

पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा असलेल्या वसई-विरार पट्ट्यात हवेतच मीठ आणि ओल असते. त्यामुळे वालीव, सातिवली, गोखिवरे यांसारख्या औद्योगिक भागांत जोडकामासाठी येणाऱ्या प्लेट, अँगल आणि चॅनेल यांचे आयुष्य रंगापेक्षाही रंगापूर्वीच्या तयारीवर अधिक अवलंबून असते.

रोलिंग मिलमधून तापलेल्या अवस्थेत निघालेले पोलाद थंड होताना त्यावर लोहाच्या ऑक्साइडांची निळसर-काळी, ठिसूळ खपली धरते. तिला मिल स्केल म्हणतात. ती कवचासारखी दिसत असली तरी तिला तडे जातात, तड्यांत खारे पाणी शिरले की खपली आणि उघडे पोलाद यांचा विद्युतघट तयार होऊन झीज पोलादाच्या वाट्याला येते, आणि वरचा रंग खपलीसकट सुटतो. वायर ब्रशने सैल गंज निघतो, पण घट्ट बसलेली खपली निघत नाही.

म्हणून शॉट ब्लास्टिंग करतात. बंद यंत्रात रोलरवरून सरकणाऱ्या प्लेटवर फिरत्या चाकांतून पोलादाच्या बारीक गोळ्यांचा वेगवान मारा होतो. काळपट आत गेलेली प्लेट राखाडी-पांढरी होऊन बाहेर येते आणि रंगाला पकड देणारा सूक्ष्म खडबडीतपणा तिच्यावर उमटतो. आयएसओ ८५०१-१ या मानकातील ‘एसए २½’ या प्रतीत केवळ पुसट डाग किंवा पट्टे चालतात. खड्ड्यांत रुतलेले मीठ मात्र केवळ माऱ्याने पुरते जात नाही, म्हणून खारे वारे लागलेला माल आधी गोड्या पाण्याने धुणे हिताचे असते. साफ झालेल्या प्लेटला घामट हात लागू न देण्याचे कारणही मीठच आहे.

अशी उघडी प्लेट दमट हवेत काही तासांतच पुन्हा गंज धरू शकते. त्यामुळे तिच्यावर लगोलग शॉप प्रायमर फवारतात. जस्तयुक्त सिलिकेट प्रायमरचा थर साधारण १५ ते २५ मायक्रॉनचा असतो, त्यातील जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवते आणि थर पातळ असल्याने वेल्डिंगला फारसा अडथळा होत नाही. रंगकामात सापेक्ष आर्द्रता सामान्यतः ८५ टक्क्यांखाली आणि पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक लागते. पावसाळ्यात ही अट उघड्यावर पाळणे कठीण, म्हणून बंद शेड गरजेची ठरते. त्यानंतरही माल जमिनीला न टेकवता लाकडी ओंडक्यांवर, पाणी निथळेल असा किंचित उतार देऊन ठेवावा लागतो.

ही सारी तयारी अखेर रंगाखाली झाकली जात असल्याने तिच्यावरचा खर्च वाचवण्याचा मोह होतो; परंतु उभ्या सांगाड्यावरचा गंज काढणे जमिनीवरच्या प्लेटपेक्षा कितीतरी जिकिरीचे असते, म्हणून काम देणाऱ्याने रंगाच्या कंपनीचे नाव विचारण्याआधी पृष्ठभागाची प्रत लेखी मागून घ्यावी आणि ती स्वतः तपासावी.